भरलेल्या खोऱ्यावरून होडी

निसर्गानं घडवलेली मोठी तळी महाराष्ट्रात शोधायला निघालात तर हाताची बोटंही जास्त होतील. लोणारचं सरोवर उल्केच्या आघातानं झालेलं, खारट पाण्याचं, २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं. तिथं होडी घालण्याचा विचारही मनात आणू नये. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, तलावांचा खरा मुलूख आहे, पण ते तलावही कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून उभे केलेले. उरलं ते सगळं धरणाचं पाणी. पवना, मुळशी, भंडारदरा, पानशेत, कोयना, गंगापूर, उजनी. रविवारी ‘लेकवर जाऊ’ म्हणतो तेव्हा आपण धरणाच्या फुगवट्यावर चाललेलो असतो.

तळं बशीसारखं असतं, काठापासून हळूहळू खोल होत जातं. फुगवटा म्हणजे काठोकाठ भरलेलं खोरं. त्याच्या तळाशी नदीचं जुनं पात्र आहे, भाताची खाचरं आहेत, बांध आहेत, विहिरी, आंब्याचे बुंधे, देवळाचा चौथरा, गाडीवाट आहे. पोहणं, कयाक म्हणजे वल्ह्याची लहान अरुंद होडी, पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, गळ टाकून बसणं, तंबू ठोकणं, या पाण्यावर जे काही करायचं त्यातली जवळजवळ प्रत्येक खबरदारी यातून निघते. पाण्याखालचं खोरं डोळ्यांसमोर उभं करता आलं की निम्मं काम झालं.

पोहण्यापासूनच सुरुवात करतो, कारण होडीतल्या माणसापेक्षा काठावरून ‘जरा पाय भिजवून येतो’ म्हणून उतरलेल्या माणसाला इथं जास्त धोका आहे. मावळात आणि मुळशीत डोंगरउतारावर खाचरांच्या पायऱ्या होत्या; त्या तशाच पाण्याखाली गेल्या. एका खाचराची जमीन सपाट असते, म्हणून दहा-पंधरा पावलं पाणी कमरेएवढंच राहतं. माणसाला वाटतं, उथळ आहे. मग बांध येतो, पाऊल त्याच्यावरून पलीकडे पडतं आणि खालचं खाचर एक-दीड मीटरनं खोल. त्याच पावलाला पाणी डोक्यावर जातं. बांधाची माती शेवाळलेली, उलट पाऊल टाकायला गेलं की निसटते. पोहता न येणारा तर बुडतोच, पण त्याचा हात धरून साखळीनं उतरलेले बाकीचेही ओढले जातात. एकाच घरातली तिघं-चौघं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामागे पुष्कळदा ही पायरी असते. नदीच्या जुन्या पात्राची दरड याहून वाईट, तिथं उतार नसतोच.

म्हणून उतरायचं असेल तर छातीएवढ्या पाण्याच्या पुढे लाईफ जॅकेटशिवाय जाऊ नका, आणि तेवढं पाणीही आधी काठीनं चाचपून घ्या. सूर कुठंच मारू नका. मागच्या वर्षी याच दगडावरून मारला होता, हे कारण चालत नाही. मागच्या वर्षी त्याच तारखेला पाणी दोन मीटर वर असू शकतं आणि यंदा त्याच जागी बुंध्याचं टोक पृष्ठभागाखाली वीतभर असू शकतं.

पाण्याची पातळी पाहून निघायची सवय आपल्याकडे नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माहिती सहज मिळते. जलसंपदा विभाग धरणांचे साठे रोज देतो, वर्तमानपत्रात ते टीएमसीत आणि टक्क्यांत छापून येतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीची, त्यामानानं पवना अगदीच लहान. म्हणून आपल्या कामाचा आकडा टक्क्यांचा. धरण ९० टक्क्यांच्या वर असेल तर पाणी गवताला टेकलेलं असतं, होडी उचलून सरळ पाण्यात ठेवता येते. ५०-६० टक्क्यांना मुरमाचा उघडा उतार चालावा लागतो. ३०च्या खाली गेलं की गाळ. शंभर-दोनशे मीटर चिखलाचा पट्टा, मग पाणी. पंचवीस किलोची कयाक तिथून ओढत नेण्यात सकाळचा चांगला तास जातो.

गाळाबद्दल नीट सांगायला हवं. एप्रिलमध्ये काठाच्या गाळाला भेगा पडतात, वरची साय सुकून पांढुरकी होते आणि टणक दिसते. ही साय चार बोटांची असते. तिच्याखाली लोण्यासारखा ओला गाळ. पहिली काही पावलं सायीवर निभावतात, पुढे पाण्याच्या जवळ ती पातळ होत जाते आणि पाय एकदम गुडघ्यापर्यंत आत. तेव्हा सगळेच करतात ती चूक म्हणजे एक पाय उपसण्यासाठी दुसऱ्यावर भार देणं. दुसरा आणखी खोल जातो. पाय आत रुततो तो पोकळी नसल्यानं. वर ओढला की खाली हवा शिरायला जागा नसते आणि गाळ त्याला धरून ठेवतो. घोटा गोल गोल हलवून आधी फट करा, त्यात पाणी शिरू द्या. अंग मागे टाकून वल्ह्यावर किंवा होडीवर भार द्या, पाय तिरका काढा. घसरून बसलात तर बसलेलेच सरका, लाज बाळगू नका. पायात पट्ट्याची सँडल हवी. चप्पल गाळात राहते आणि गमबूट पाण्यानं भरतो. सगळ्यात सोपा उपाय गुरांचा आहे. गाई-म्हशी रोज जिथून पाण्यावर उतरतात तिथं खाली मुरूम किंवा दगड असतो. खुरांची वाट शोधा आणि होडी तिथूनच न्या.

हंगामाचं थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर या पाण्यावर उतरायचं नाही. बहुतेक ठिकाणी जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेशही असतात आणि ते योग्य आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस दुपारी गडगडत येतो, तेवढं सांभाळायचं. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा काळ: पाणी भरपूर, वारा मंद, सकाळी धुकं. धुक्यात काठ दिसेनासा होतो, तेव्हा नऊ वाजेपर्यंत चहा प्यायचा आणि थांबायचं. फेब्रुवारीनंतर दुपारची वेळ वाऱ्याची. एप्रिल-मे वळिवाचा.

आता वारा. फुगवट्यावरच्या होडीचं बरंवाईट नव्वद टक्के वाऱ्यावर ठरतं.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या नद्या घाटमाथ्याला उगवतात आणि पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे पवनेचा किंवा भंडारदऱ्याचा फुगवटा साधारण पश्चिम-पूर्व पसरलेला असतो. वरच्या टोकाला घाटमाथा, खालच्या टोकाला धरणाची भिंत. उन्हं तापायला लागली की दुपारी पश्चिमेचा वारा कोकणातून चढतो, खिंडीतून आत येतो आणि खोऱ्याच्या लांबीनं वाहतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: दमलेला वल्हेकरी, सुटलेली होडी, उडालेली टोपी, जे जे वाऱ्यावर सुटेल ते भिंतीच्या दिशेनं जातं. भिंतीजवळ सांडवा आहे, पाणी खाली सोडणारा विमोचक आहे, पाणी आत खेचणारी दारं आहेत. वरून पाणी शांत दिसतं. खालून ओढ असते. म्हणून भिंतीपासून निदान अर्धा किलोमीटर दूर राहायचं आणि आपली उतरण्याची जागा भिंतीच्या बरीच अलीकडे ठरवायची.

या वाऱ्याचा उपयोगही होतो. सकाळी पाणी आरशासारखं असताना पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या दिशेनं जायचं. अकराच्या सुमारास वळायचं. परतताना वारा पाठीशी मिळतो. उलट केलंत तर सकाळी मजेत गेलेलं अंतर दुपारी दुप्पट-तिप्पट होतं. नवख्या माणसाचा कयाकमधला वेग ताशी चार-पाच किलोमीटर. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला की तो निम्म्यावर येतो, आणि वल्हं थांबवलं की होडी मागे जायला लागते. विश्रांती घेताच येत नाही, हेच माणसाला मोडून टाकतं.

लाट किती उठेल हे वाऱ्याच्या जोराइतकंच त्याला मोकळं पाणी किती लांब मिळतं यावर ठरतं. भंडारदऱ्याच्या एखाद्या फाट्यात, म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांच्या मधे शिरलेल्या पाण्यात, वाऱ्याला तीन-चारशे मीटरच मिळतात. नुसत्या सुरकुत्या पडतात. तोच वारा उजनीवर येतो तेव्हा त्याला कित्येक किलोमीटर उघडं पाणी सापडतं, आणि उथळ पाण्यावरची लाट आखूड, उभी, एकामागोमाग एक येणारी असते. कोयनेचं गणित आणखी वेगळं. कोयना महाबळेश्वराहून निघून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळते, म्हणून तिचा फुगवटा, शिवसागर, उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, लांबी सुमारे ५० किलोमीटर. पश्चिमेचा वारा तिथं आडवा येतो. डोंगराच्या आडोशाला काही लागत नाही, पण एखाद्या ओढ्याच्या तोंडासमोर आलात की कुशीवर धक्का बसतो. बामणोली-तापोळ्याकडचे नावाडी अशा तोंडांपाशी आधीच सावध होतात. त्यांच्याकडे बघून शिकण्यासारखं आहे.

मोजमापासाठी यंत्र लागत नाही. पाण्यावर तुरळक ठिकाणी लाटेचा माथा फुटून पांढरा व्हायला लागला की वारा ताशी बारा ते वीस किलोमीटरच्या घरात आहे. नवख्यानं काठाकडे वळावं. सगळीकडे पांढरं दिसायला लागलं तर वीसच्या पुढे गेला, मुरलेल्यानंही वळावं. आणि दूरवर पाण्याचा रंग अचानक काळपट होऊन तो पट्टा आपल्याकडे सरकताना दिसला तर तो झोत आहे. एक-दोन मिनिटांत पोचतो.

वळिवाचा झोत तर याहूनही कमी वेळ देतो. ढग अजून डोंगरामागे असतो, ऊनही असतं, आणि ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पाण्यावरून सपाट धावत येते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अशाच सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तो रोजच्या जाण्यायेण्याचा मार्ग होता. मे महिन्यात दुपारी दोननंतर पाण्यावर राहूच नये, असं माझं ठाम मत आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. काठ गाठा, एकट्या झाडाखाली थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

होडी कोणती घ्यावी असं विचारणाऱ्याला आपल्याकडच्या पाण्यासाठी वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाक सुचवतो. ऊन आहे, पाणी फार गार नाही, आणि उलटली तर पुन्हा चढता येते. तिच्या तळाला आरपार भोकं असतात. आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं. नवा माणूस ती भोकं बंद करायला बघतो. ती उघडीच हवीत. बंद असायला हवं ते एकच: होडीच्या मागच्या टोकाचं बूच. होडी पोकळ असते, आत शिरलेलं पाणी काठावर आल्यावर काढण्यासाठी हे बूच. ते लावायचं राहिलं किंवा त्याची रबरी चकती तडकली, तर पाणी थेंबाथेंबानं आत जात राहतं. अर्धा तास काही कळत नाही. मग होडी जड वाटते, वळवायला वेळ लागतो, थोडी झुकली की झुकतच जाते, कारण आतलं पाणी त्याच बाजूला धावतं. बोटी उलटण्यामागचं हे फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे. उतरण्याआधी बूच हातानं पिळून बघा, होडीचं एक टोक उचला आणि कान द्या. आत खळखळ ऐकू आली तर आधी रिकामी करा. भाड्याची होडी असेल तर हे हमखास करा.

हवेच्या कयाकचं दुखणं निराळं. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात: कडेच्या नळ्या दीड ते तीन पीएसआयच्या, कडक तळ असेल तर आठ-दहाचा, पॅडलबोर्ड बारा ते पंधराचा. सकाळच्या गारव्यात पूर्ण दाबानं फुगवून ती दुपारी काठावर उन्हात ठेवली की आतली हवा तापते, दाब चढतो आणि शिवण सुटते. पाण्यावर असेपर्यंत पाणी तिला थंड ठेवतं; जेवायला काठावर ओढलीत की थोडी हवा सोडा, सावलीत ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी ठिगळांची पिशवी जवळ हवीच.

वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीवर जाते. सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद सिट-ऑन-टॉपला २३० ते २४० सेंटिमीटर. अरुंद, लांब कयाकला २१० ते २२०. वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली की हातांची जागा बरोबर. पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे. पातं पावलांच्या रेषेत बुडवायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. त्याहून मागे ओढलं तर ते पाणी वर उचलतं आणि होडी डोलते. जोर दंडातून काढला तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. पाय टेकणीवर घट्ट रोवा, धड वळवा. उजवं पातं बुडताना उजवा खांदा पुढे गेलेला हवा. हे जमलं की हात फक्त दोरीसारखे राहतात, काम पाठ आणि पोट करतं.

वाऱ्यात होडीचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं आणि नवा माणूस एकाच बाजूनं वल्हवून दमतो. सामान हलवून हे बरंचसं सुटतं. समोरून वारा असेल तर पिशव्या पुढे, पाठीशी असेल तर मागे. वाऱ्याच्या बाजूला लांब, रुंद कमान काढत वल्हं मारलं की नाक सरळ होतं. लाट कुशीवर आली तर कंबर ढिली ठेवा, धड सरळ ठेवा आणि पातं पाण्यात असू द्या. हवेत धरलेलं वल्हं आधार देत नाही.

लाईफ जॅकेटवर मी कोणाशीही तडजोड करणार नाही. ते अंगावर हवं, होडीत बांधलेलं नव्हे, बुडाखाली उशी म्हणून तर नव्हेच. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. कयाकसाठी ५० न्यूटनचं चालतं, पण ते पोहणाऱ्यासाठी आहे. पोहता न येणाऱ्याला आणि मुलांना १०० न्यूटनचं द्या, मागे कॉलर असलेलं, बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवणारं. माप वजनावर बघा. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्या कुणाला खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला मांडीतून जाणारा पट्टा असतो, तो लोंबकळत ठेवू नका. भाड्याचं जॅकेट असेल तर फोम चिमटीत दाबा. चांगला फोम लगेच फुलतो. दाबाचा खड्डा तसाच राहिला तर आतल्या हवेच्या पेशी मेल्या आहेत. बक्कल तुटून गाठ मारलेली असेल तर दुसरं मागा. दुसरं नसेल तर त्या बोटीत बसू नका.

उलटण्याचा सराव मुद्दाम करा, पहिल्याच दिवशी, काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात. होडी सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही. वाऱ्यात रिकामी होडी पोहणाऱ्यापेक्षा वेगानं जाते. होडीच्या मध्यावर या. पालथ्या बुडावरून हात टाकून पलीकडचा पट्टा धरा, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागे झोका द्या. ती सुलटी होईल. मग चढणं. इथं सगळे पाय खाली लोंबकळत ठेवून हातांनी वर ओढायला बघतात आणि होडी पुन्हा अंगावर घेतात. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, जोरात लाथा मारा आणि सुसर काठावर सरकते तसे पोटावर आडवे सरका. बेंबी होडीच्या मधोमध आली की थांबा, श्वास घ्या. मग कुशीवर वळून बसा, शेवटी पाय आत. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर दम संपतो. मग होडीला धरून लाथा मारत काठाकडे जाणं शहाणपणाचं. चप्पल-पाण्याच्या बाटलीमागे पोहत जाणं मात्र सक्त मना.

दुसरा कोणी बुडत असेल तर तो हात हलवत ओरडेल ही अपेक्षा सोडा. बुडणारा माणूस उभा असतो, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेला, हात दोन्हीकडे दाबत, आवाज नसतो. मिनिटभराच्या आतला खेळ. त्याच्याकडे उडी घेऊ नका. काठी, वल्हं, ओढणी पुढे करा. नाही पोचलं तर दोर फेका. पंधरा-वीस मीटर नायलॉनच्या दोराला पाच लिटरचा बंद कॅन बांधून ठेवा, कॅनमध्ये पेलाभर पाणी असू द्या म्हणजे फेकताना लांब जातो. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसण्यात जीव जातो. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबा, तीस दाबांना दोन श्वास, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ किंवा ११२ला फोन लावायचा.

सकाळी लवकर पाण्यावर गेलात तर थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसतील. ते जाळं आहे. संध्याकाळी लावतात, पहाटे उचलतात. एक टोक बहुतेक वेळा काठाच्या झुडपाला किंवा खुंटाला बांधलेलं असतं. मोकळ्या टोकाकडून वळसा घ्या. अगदीच ओलांडायचं तर दोन तरंगांच्या बरोबर मधून, काटकोनात, वल्हं वर उचलून आणि तळाचं पातं असेल तर ते आत घेऊन. अडकलात तर धागा हातानं सोडवा. सुरी लाईफ जॅकेटला असावी, पण ती माणूस अडकला तर वापरायची. होडी अडकली म्हणून जाळं कापणं म्हणजे कुणाच्या तरी घरची कमाई कापणं. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवणारा भोई दिसला तर लांबून जा, तुमच्या लाटेनं त्याचा तराफा हलतो.

तंबूचं एक सूत्र पुरे. काठाच्या डोंगरावर झाडांची रेषा जिथं संपते ती धरणाची पूर्ण संचय पातळी. त्या रेषेखालचा उघडा पट्टा पाण्याचा आहे, आज तिथं गवत असलं तरी. तंबू रेषेच्या वर लावा. शौचाला पाण्यापासून निदान ७० मीटर लांब जा, वीतभर खड्डा करा. भांडी, अंग, काहीही पाण्यात साबण लावून धुऊ नका. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, पानशेत-वरसगावचं पुणं पितं. रात्री दोन वाजेपर्यंत काठावर भोंगे वाजवणाऱ्यांबद्दल मला संताप आहे. पाण्यावरून आवाज समोरच्या काठावरच्या वाडीपर्यंत जसाच्या तसा जातो, आणि त्या वाडीतल्या लोकांना पहाटे चारला जाळी उचलायची असतात.

त्या वाड्यांमधले पुष्कळसे लोक या पाण्याखालच्या गावांतून वर सरकलेले आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी जमिनी गेल्याच. उजनीत पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि जुन्या गावची माणसं दर्शनाला जातात. उन्हाळ्यात तुमची होडी अशा एखाद्या चौथऱ्याला लागली तर जरूर थांबा, पण कोरलेला दगड, पाटा, वरवंटा उचलून आणू नका. पाण्याखाली विहीर कुठं आहे, कुठल्या फाट्यात बुंधे आहेत, वारा कुठून फुटतो, हे सगळं या माणसांना ठाऊक असतं. नकाशात ते नाही. उतरण्याआधी दहा मिनिटं त्यांच्याशी बोला. ‘काका, त्या सोंडेपर्यंत जाऊन येतो, पाणी कसं आहे?’ एवढं विचारलं तरी पुरतं. पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात आणि कोयनेसारख्या अभयारण्यात वन विभागाकडे परवानगीचं विचारायचंच असतं; पण ही विचारपूस त्याआधीची.

निघताना कुठं जाणार आणि किती वाजता परत येणार ते त्यांना सांगून ठेवा, कारण फाट्यांमध्ये फोनला रेंज नसते. शिट्टी गळ्यात, फोन पाणबंद पिशवीत आणि ती पिशवी होडीला नव्हे, अंगाला. आणि परत आल्यावर, होडी पालथी घालून बूच काढून ठेवलंत की, गाडीत बसण्याआधी त्या घरी जाऊन ‘आलो’ म्हणून सांगा. नाही सांगितलंत तर अंधार पडल्यावर तो माणूस बॅटरी घेऊन काठावर येऊन उभा राहतो.